सॉरॉन म्हणजे खरंच नुसता एक डोळा आहे का?

नाही, त्याला शरीर आहे. १९५४-५५मध्ये आलेल्या टॉल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीत हा खलनायक थेट समोर येतच नाही, म्हणून प्रत्येक वाचकाचा सॉरॉन वेगळा. पण त्यातलं एक पात्र, गोलम सांगतो, सॉरॉनच्या काळ्या हाताला चारच बोटं आहेत. मला हा तपशील सगळ्यात भयानक वाटतो, कारण बाकीचा देह आपण स्वतःच रचतो. टॉल्किननी एका पत्रात त्याचं रूप माणसाचं, माणसाहून मोठं पण अवाढव्य नव्हे, असं सांगितलंय. पुस्तकातही नायक फ्रोडोला गॅलाड्रिएल या पात्राच्या जादुई आरशात डोळा दिसतो. मात्र मनोऱ्यावरचा जळता डोळा डोक्यात पक्का बसला तो २००१पासूनच्या चित्रपटांमुळे. शक्य असेल तर आधी पुस्तक वाचा.