सुंठीवाचून खोकला

प्रिय मनू,

काल फोनवर वैतागली होतीस. आलं संपलं म्हणून दुकानातून सुंठपूड आणलीस, आल्याच्या अंदाजानं चहात चमचाभर टाकलीस आणि घसा जळला. वर मलाच विचारलंस, "एकाच गोष्टीला आपल्यात दोन नावं कशाला? आणि आजीचं ते सुंठीवाचून खोकला गेला म्हणजे नक्की काय?" मध्येच खोकायला लागलीस, म्हणून लिहूनच सांगते.

दोन नावं, कारण वाळल्यावर ती वस्तूच बदलते. ओल्या आल्यात बहुतेक पाणीच असतं, आणि त्याचा तिखटपणा त्यातल्या जिंजेरॉल नावाच्या द्रव्याचा. साल खरवडून आलं वाळवलं की त्यातल्या काही जिंजेरॉलचं शोगाओल होतं (जपानीत आल्याला शोगा म्हणतात, त्यावरून हे नाव), आणि ते जास्त झोंबतं. उलट आलं शिजलं की झिंजेरोन तयार होतं, ते सौम्य. आमटीतलं आलं जिभेला चावत नाही ते त्यामुळे. आजीनं यातलं एकही नाव ऐकलं नव्हतं, पण आलं ठेचून घालायचं आणि सुंठ चिमटीनं, हे तिच्या हाताला पक्कं ठाऊक होतं.

तिच्या घरात आलं रोजचं, भाजीच्या टोपलीतलं. सुंठीचा मान वेगळा, ती डब्यात. माझं डोकं दुखलं की सहाणेवर सुंठ उगाळून कपाळावर लेप. असा काही चरचरायचा! दुखणं थांबायचं की त्या आगीत दुखण्याचा विसर पडायचा, हे मला अजून कळलेलं नाही. रामनवमीला दुपारी बारा वाजता पाळणा हलला की सुंठवडा हातावर पडायचा: सुंठ, सुकं खोबरं, साखर. आजी म्हणायची, कौसल्या बाळंतीण ना, तिचं औषध आपण प्रसाद म्हणून खायचं. तुझ्या वेळी ती इकडे आली तेव्हा अर्धी बॅग डिंक, खारीक आणि सुंठच होती. विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं डिंकाचा खडा हुंगून पाहिला आणि गुपचूप परत ठेवला.

आता तुझ्या मैत्रिणीचा प्रश्न, हे खरंच औषध आहे का. मळमळीवर आहे. गरोदरपणातल्या मळमळीत आल्यानं आराम पडतो, असं बऱ्याच चाचण्यांत दिसलंय. तू पोटात असताना डॉक्टरांना विचारून मी आलेपाकाच्या वड्या पर्समध्ये ठेवायचे. बसमध्ये पेट्रोलचा वास आला की एक तोंडात. खोकल्याच्या बाबतीत मात्र एवढं छातीठोक सांगता येत नाही. गरम पाण्यानं घसा शेकतो, मधानं खवखव कमी होते, आल्याची ऊब बरी वाटते. एवढंच.

आणि म्हणीचा अर्थ असा, की काही न करता, खर्च न करता पीडा आपोआप टळली. तू खोली बदलायला अर्ज लिहीत बसलीस आणि त्याच आठवड्यात ती भांडकुदळ रूममेट स्वतःच निघून गेली, तसं. गंमत बघ, ज्या घरांत खोकल्याला सुंठ ठरलेलीच, त्याच घरांतून ही म्हण आली. साधी सर्दी आठवड्या-दहा दिवसांत आपली आपण जाते, हे त्यांनाही दिसलंच असणार.

तरी काढा कर. अंगठ्याच्या पेराएवढं आलं ठेचून पेलाभर पाण्यात पाच मिनिटं उकळ, कोमट झालं की मध घाल. सुंठ असेल तर फक्त चिमूटभर! ताप आला, धाप लागली किंवा खोकला तीन आठवड्यांवर गेला तर काढा ठेव बाजूला आणि डॉक्टरांकडे जा. आबांचं अनुकरण तर मुळीच नको. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असताना रोज वाटीभर आल्याचा रस प्यायचे, डॉक्टरांनी चांगलं खडसावलं.

आणि आलं फ्रीजरमध्ये ठेवत जा. सालासकट छान किसलं जातं, आणि संपायला आलंय हे आधी कळतं.

तुझी,
आई