तेरेसा तेंग जपानमध्ये खरंच एवढी चालली होती का?

तुमचा प्रश्न असा: चिनी पॉप गायकांना परदेशात कधी मोठं यश मिळालंय का, आणि तेरेसा तेंगचं नाव नेहमी निघतं ते खरं की चाहत्यांनी फुगवलेलं?

खरं आहे. आणि तिने जपान एकदा नाही, दोनदा जिंकलं. दुसरी खेळी पहिलीपेक्षा मोठी होती, म्हणून मला तिच्याबद्दल इतकं प्रेम आहे.

एक गोष्ट आधी सांगते. ती 'चिनी' म्हणजे चिनी भाषेत गाणारी. जन्म १९५३चा, तैवानमधल्या युनलिनचा. वडील चीनच्या मुख्य भूमीवरून तैवानला आलेले सैनिक. चिनी जगात तिचं नाव तेंग ली-चुन. जपानला गेली तेव्हा ती नवखी नव्हती. दहाएक वर्षांची असताना तिने गायनाची स्पर्धा जिंकली होती, आणि विशीच्या आत तैवान-हाँगकाँगमध्ये तिच्या रेकॉर्डचा ढीग झाला होता. घरी एवढं नाव असताना परक्या भाषेत पुन्हा पाटी कोरी करून बसायचं, हा निर्णय मला तिच्या गाण्याइतकाच मोठा वाटतो.

१९७४च्या मार्चमध्ये पॉलिडोर कंपनीने जपानमध्ये तिचं पहिलं गाणं काढलं. पोरसवदा, गोडगोड आयडॉल अशी तिची मांडणी केली होती. ते पडलं. मग कंपनीने दिशा बदलली, आणि जुलैमध्ये 'कूको' म्हणजे 'विमानतळ' हे निरोपाचं गाणं आलं. ते लोकांना भिडलं, आणि त्या वर्षीच्या जपान रेकॉर्ड पुरस्कारांमध्ये तिला नवोदित गायिकेचा मान मिळाला. आवाज तोच होता. फक्त आपल्याकडून काय ऐकायला लोकांना आवडेल, हे दुसऱ्या गाण्यात सापडलं.

मी पुण्यात जपानी शिकले आणि दुभाषी म्हणून चार वर्षं नागोयाजवळच्या एका कारखान्यात होते, म्हणून भाषेबद्दल थोडं अधिक लिहिते. मराठी माणसाला क आणि ग, त आणि द हे जन्मापासून वेगळे ऐकू येतात. चिनी भाषेत तसा भेद नाही. तिथे फरक श्वासाचा, आपल्या प आणि फ सारखा. जपानीत मात्र क-ग चुकलं की शब्दच बदलतो. शिवाय ऱ्हस्व-दीर्घाची भानगड: 'ओबासान' म्हणजे मावशी आणि 'ओबाआसान' म्हणजे आजी! चिनी बोलणाऱ्याने हे सांभाळत सुरात गायचं म्हणजे केवढी तालीम लागत असेल. तिचं जपानी नीट ऐकलं तर शब्दांच्या कडा किंचित मऊ लागतात. मला वाटतं, तो मऊपणाच जपानी कानांना गोड लागला. ती रडून गात नाही, कानाशी येऊन सांगते.

मग १९७९ उजाडलं. जपानने १९७२ मध्ये बीजिंगशी संबंध जोडले आणि तैवानशी राजनैतिक नातं तोडलं. त्यामुळे तैवानच्या पासपोर्टवर जपानला ये-जा करणं जिकिरीचं झालं होतं. १९७९च्या फेब्रुवारीत ती इंडोनेशियाच्या पासपोर्टवर जपानमध्ये शिरली. तो पासपोर्ट रीतसर नव्हता. तिला अटकाव झाला, देशाबाहेर काढलं, वर्षभर बंदी घातली. चूक तिची होतीच. पण ज्या पिढीने परदेशी विमानतळावर आपला पासपोर्ट काउंटरवर सरकवून छातीतली धडधड ऐकली आहे, तिला त्या चुकीमागची घुसमट कळेल. मायदेशीही तिच्यावर टीकेची झोड उठली. ती काही काळ अमेरिकेत जाऊन राहिली.

बहुतेकांची कारकीर्द इथे संपली असती. ती १९८४ मध्ये टॉरस नावाच्या नव्या कंपनीतून परतली. गीतकार तोयोहिसा आराकी आणि संगीतकार ताकाशी मिकी या जोडीने तिला ओळीने तीन गाणी दिली: 'त्सुगुनाइ' (१९८४), 'आइजिन' (१९८५), 'तोकि नो नागारे नि मि ओ माकासे' (१९८६). तिन्ही तुफान गाजली. 'आइजिन'सह १९८५ मध्ये ती एनएचके या जपानच्या सार्वजनिक वाहिनीच्या ३१ डिसेंबरच्या 'कोहाकू' या गाण्यांच्या कार्यक्रमात उभी राहिली. तो कार्यक्रम तेव्हा म्हणजे अख्खा जपान घरी बसून बघायचा असा.

पण तिला खरं उचलून धरलं ते छोट्या बारनी. जपानमध्ये तेव्हा 'यूसेन' नावाची सोय असायची. तारेवरून दुकानांत, बारमध्ये गाणी यायची, आणि गिऱ्हाईक फोन करून फर्माईश करू शकायचं. त्या फर्माइशींवर मिळणारा 'जपान यूसेन' सर्वोच्च पुरस्कार तिने १९८४, ८५, ८६ असा सलग तीन वर्षं घेतला. म्हणजे तिला निवडलं ते रात्री दहा वाजता ग्लास पुढे घेऊन बसलेल्या, दमलेल्या माणसांनी.

असा एक माणूस मी पाहिलाय. आमच्या कारखान्यातले साठीचे फोरमन, दिवसभरात दहा शब्द बोलणारे, नखांत वंगणाची काळी रेघ कायमची बसलेली. एका रात्री टीमबरोबर आठ खुर्च्यांच्या बारमध्ये गेलो. त्यांनी माइक हातात घेतला, पडद्याकडे पाठ फिरवली आणि १९८६चं ते गाणं डोळे मिटून पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं. बारच्या मालकीणबाई ग्लास पुसता पुसता थांबल्या होत्या. नंतर मी विचारलं, कोणाचं गाणं? "तेरेसा-सान," ते म्हणाले. आपण 'लताबाई' म्हणतो ना, अगदी तसं. ती परदेशी होती हे त्यांच्या बोलण्यात कुठेच नव्हतं.

एक गोष्ट मात्र मला खुपते. या गाण्यांतली बाई बहुतेक वेळा वाट बघणारी, दोष पदरात घेणारी, लपून प्रेम करणारी असते. 'आइजिन'चा अर्थच मुळी विवाहित पुरुषाची प्रेयसी. बाहेरून आलेल्या गायिकेला बाजाराने हीच चौकट दिली. त्या चौकटीतून तिने एवढं काढलं, हे तिचं श्रेय.

याउलट उदाहरण आलानचं. चीनच्या सिचुआन प्रांतातली तिबेटी मुलगी, एर्हू हे दोन तारांचं चिनी वाद्य वाजवणारी. २००७ मध्ये एवेक्स कंपनीतून जपानमध्ये आली, आणि २००९ मध्ये तिचं 'कुओन नो कावा' ओरिकॉन या जपानी रेकॉर्ड-विक्रीच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. आवाज विलक्षण. पण २०११ मध्ये ती चीनला परतली. तोवर घरची बाजारपेठच इतकी मोठी झाली होती की परत जाणं हे माघार घेणं राहिलं नव्हतं.

तेरेसासाठी मात्र मुख्य चीनचा दरवाजा बंद होता. तिथे तिच्या कॅसेट चोरून ऐकल्या जायच्या, पण तिला तिथे कधीच गाता आलं नाही. २७ मे १९८९ला ती हाँगकाँगच्या हॅपी व्हॅली मैदानावर बीजिंगमध्ये लोकशाहीसाठी आंदोलन करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी गायली. १९९५ मध्ये थायलंडमधल्या चियांग माईला दम्याच्या झटक्याने गेली. वय अवघं बेचाळीस.

ऐकायला सुरुवात करायची असेल तर डिसेंबर १९८५च्या एनएचके हॉलमधल्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण घ्या. जपानी गाण्यांच्या मध्येच ती चिनी गाणी घेते. तिथे आवाज कसा सैल होतो, ते बघा. हेडफोन लावून, रात्रीच ऐका.