वेडाचा देव रचतोयस? आधी भक्त घडव

पहिल्याच रोल-प्लेइंग खेळासाठी (खेळाडू पात्रं बनून गोष्ट पुढे नेतात तो) वेडाचा देव निवडलास, फार आवडलं! रविवारी कोथरूडला मंडळी जमायच्या आत एवढं कर.

देवाची वंशावळ, शस्त्रं, पंथभेद सगळं बाजूला ठेव. आधी भक्त. शहाणं माणूस या देवाच्या पायाशी का येतं? मूल गमावलेली आई, कर्जात बुडालेला विणकर, झोप उडालेला पहारेकरी. तिघांचं मागणं वेगळं. एक देऊळ आणि हे तिघं पहिल्या दिवसाला पुरतात.

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका:

- खदाखदा हसणारे, उगाच रक्त सांडणारे भक्त. खेळाडू लगेच कंटाळतात.
- नियमच नसणं. वेडालाही शिस्त लागते. समज, हे भक्त कधीच प्रश्न विचारत नाहीत. एवढा एकच नियम घे, पण कसोशीने पाळ. अंगावर काटा येतो बघ.

ग्रीकांच्या डायोनिससकडे मद्यही आहे आणि उन्मादही. त्याच्या भक्त स्त्रिया, मीनाड, घरदार सोडून डोंगरात जायच्या. सुटका आणि विध्वंस एकाच हातात, म्हणून तो भिडतो. आपल्याकडे ऋद्धिपूरच्या गोविंदप्रभूंना 13व्या शतकात लोक वेडे म्हणत, महानुभाव त्यांना ईश्वर मानतात. तो श्रद्धेचा विषय, खेळात आणू नकोस. समजून मात्र घे.

आणि येरवड्याच्या मनोरुग्णालयाचे विनोद अजिबात नकोत. देवाचा उन्माद वेगळा, आजार वेगळा. कुणाच्या घरी काय चालू आहे ते आपल्याला ठाऊक नसतं. खेळ सुरू करण्याआधी प्रत्येकाला बाजूला घेऊन हा विषय चालेल का ते विचार.