नोंदणी नसलेल्या व्यक्तीने घराचा आराखडा केला तर ते बेकायदेशीर ठरते का?

केवळ आराखडा करणे केंद्रीय कायद्यानुसार बेकायदेशीर नाही. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी नसताना स्वतःला ‘आर्किटेक्ट’ म्हणवून घेणे मात्र बेकायदेशीर आणि दंडनीय आहे. आर्किटेक्ट्स अ‍ॅक्ट, १९७२ मधील कलम ३७ चे संरक्षण या उपाधीला आहे, व्यवसायाला नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये दिला. त्यामागचे कारण कायद्याच्या उद्दिष्टांतच नमूद आहे: अभियंते पूर्वीपासून इमारतींचे आरेखन आणि देखरेख करत आले असल्याने, त्यांनी ही उपाधी लावली नाही, तर त्यांच्या नेहमीच्या कामात या कायद्याने अडथळा येऊ नये. मात्र बांधकाम परवानगीसाठीच्या नकाशावर कोणाची सही चालेल हे स्थानिक नियोजन प्राधिकरणाची बांधकाम नियमावली ठरवते, आणि तिथे पात्रता, अनुभव व इमारतीचे आकारमान यांनुसार अटी बऱ्याच कडक असू शकतात. म्हणून काम सोपवण्यापूर्वी ती नियमावली अवश्य पाहावी. आर्किटेक्टची नोंदणी म्हणजे संरचनात्मक सुरक्षिततेची हमी नव्हे, हा भेद मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण पाया, स्तंभ आणि तुळयांची गणिते ही संरचना अभियंत्याची स्वतंत्र जबाबदारी असते.