जुन्या गाडीचा पंखा : तडा, वाक आणि वेल्डिंगचा मोह

प्रश्न : माझ्याकडे १९६४ ची अँबेसेडर मार्क टू आहे. परवा इंजिनाच्या पंख्याच्या एका पात्याला बुडाशी केसाएवढा तडा दिसला. मेस्त्री म्हणतात, वेल्डिंग मारून देतो, दहा वर्षं बघायला नको. मारू का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : नको. आणि नवा पंखा बसेपर्यंत गाडी सुरूही करू नका.

पातं बुडाशीच का तडकतं? प्रत्येक फेऱ्याला ते किंचित वाकतं, थरथरतं, आणि त्या वाकण्याचा सगळा ताण बुडाशी गोळा होतो. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसंच हे. वेल्डिंगनं तडा दिसेनासा होतो, पण टाक्याच्या बाजूचा पत्रा तापून त्याचा गुण बदलतो आणि पुढचा तडा नेमका तिथून निघतो. शिवाय टाक्याचं वजन एकाच पात्यावर चढतं. हिशेब करून पाहा. मिनिटाला ४००० फेरे घेणाऱ्या पंख्यावर केंद्रापासून १५ सेंटिमीटरवर फक्त २० ग्रॅम जास्त असतील, तर पंखा ज्याच्या शाफ्टवर बसतो त्या वॉटर पंपाच्या बेअरिंगला ५० किलोहून अधिक ओढ बसते, आणि तीही दर फेऱ्याला दिशा बदलत. फेरे दुप्पट झाले की ही ओढ चौपट होते. निसटलेल्या पात्यानं बॉनेट आतून फाडलेलं मी स्वतः पाहिलं आहे. त्या वेळी कुणी वाकून कार्ब्युरेटर लावत नव्हतं, एवढंच नशीब.

तडा एकाच पात्याला आहे असं गृहीत धरू नका. पंखा काढा, रंग खरवडा, बुडाशी रॉकेल लावा. दहा मिनिटांनी कोरडं पुसून वर खडू घासा. तड्यात मुरलेलं रॉकेल खडूवर ओली रेघ उमटवतं. दोरीला टांगून टिचकी मारली, तर चांगलं पातं खणखणीत वाजतं, तडकलेलं बद्द. मात्र आवाज चांगला आला म्हणून खडूची परीक्षा टाळू नका.

मुख्य म्हणजे तडा का गेला, ते शोधा. वॉटर पंपाचा शाफ्ट हातानं हलतो का, पंख्याचे बोल्ट ढिले आहेत का? आणि गॅरेजात पातं धरून, ओढून इंजिन फिरवतात का? ही सवय मी सर्रास पाहतो. पातं म्हणजे हँडल नव्हे.

प्रश्न : महिंद्राची जुनी सीजे थ्री बी जीप ओढ्यातून काढली आणि त्यानंतर रेडिएटरवर गोल ओरखडे दिसले. पाती थोडी पुढं वाकली आहेत. ठोकून सरळ करता येतील का? (एक वाचक, महाड)

उत्तर : पंखा हवा मागं ढकलतो, तेव्हा पाती स्वतः पुढं ओढली जातात. हवेत हे जाणवत नाही. पाणी हवेच्या जवळजवळ आठशे पट जड, त्यामुळे पाण्यात पाती बोटीच्या पंख्यासारखी पुढं झेपावतात आणि रेडिएटर कापतात. पंख्यापर्यंत पाणी येणार असेल तर ओढ्याआधी फॅन बेल्ट, म्हणजे पंखा फिरवणारा पट्टा, उतरवायचा आणि पलीकडं गेल्यावर लगेच चढवायचा. पावसाळ्यात कोकणात जीप चालवणाऱ्यानं हे अंगवळणी पाडावं.

ठोकू नका. एकदा वाकलेला पत्रा उलटा वाकवला की त्यातलं उरलेलं बळही जातं, आणि सगळी पाती एका कोनात आणणं हातोड्याचं काम नाही. या जीपचे पंखे अजून मिळतात. नवा बसवण्याआधी इंजिन ज्यांवर टेकलेलं असतं ती फाउंडेशन रबरं पाहा. ती दबली असतील तर जोरात ब्रेक दाबल्यावर इंजिन पुढं सरकून नवा पंखाही घासेल.

प्रश्न : आजोबांची १९३० ची फोर्ड मॉडेल ए आहे. पंखा मूळचा, दोन पात्यांचा, बाहेरून ठणठणीत. रॅलीत मूळ भागांना मान असतो, म्हणून तोच ठेवावा म्हणतो. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : तुमची माया कळते, पण या एका भागाबाबत मी ऐकणार नाही. तो पंखा पत्र्याचे दोन तुकडे जोडून केलेला, आतून पोकळ. पोकळीत ओल शिरते, गंज आतून खातो आणि बाहेरचा रंग शेवटपर्यंत चकचकीत राहतो. मॉडेल ए बाळगणाऱ्यांत जगभर या पंख्याची भीती आहे. ठिकऱ्या उडाल्या तर रेडिएटर आणि बॉनेट दोन्ही जातात, आणि तेही आता मूळचंच आहे ना? त्याच आकाराचा अ‍ॅल्युमिनियमचा भरीव पंखा मिळतो. रंगवल्यावर ओळखूही येत नाही. आजोबांचा पंखा तेल लावून घरात जपून ठेवा.

प्रश्न : मॉरिस मायनरला विजेचा पंखा लावून कटकट मिटवू का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आधी डायनॅमो पाहा. तो भर वेगात वीसएक अँपिअर देतो आणि सिग्नलला उभं राहिल्यावर जवळजवळ काहीच नाही. पंख्याची गरज तर नेमकी तेव्हाच असते. मग सगळा भार बॅटरीवर येतो. अशा गाड्यांत बहुधा बॅटरीचं धन टोक बॉडीला असतं, तारा नेहमीसारख्या जोडल्या तर पंखा उलटा फिरेल. डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर, म्हणजे इंजिन मंद असतानाही वीज देणारं यंत्र, बसवणार असाल तर जरूर लावा, नाहीतर मूळचा पंखाच चांगल्या अवस्थेत ठेवा.

प्रश्न : नवा पंखा बसवल्यापासून गाडी हायवेला थंड, पण ट्रॅफिकमध्ये तापते. (एक वाचिका, पुणे)

उत्तर : पंखा पालथा बसला असावा. पालथ्या पंख्याची हवा उलटी जात नाही, ती नुसती कमी होते, म्हणून चूक लक्षात येत नाही. पात्याची खोलगट बाजू इंजिनाकडे हवी. बोल्ट काढून उलटवा, मग इंजिन चालू ठेवून ग्रिलसमोर बाहेरून कागद धरा. तो ओढला जाऊन चिकटला, की काम झालं.