परदेशात कराटे क्लास काढायचा म्हणताय, तर

तुम्ही विचारलंत की सेकंड डॅन (ब्लॅक बेल्टची दुसरी पायरी) झालंय, बरीच वर्षं दुसऱ्याच्या क्लासवर शिकवलंय, आता परदेशात स्वतःचा क्लास काढायचाय. किती विद्यार्थी झाले की जम बसतो, बायको-मुलाला लगेच न्यावं का, आणि एकटेपणा कितपत असतो. व्हिसाचे प्रकार, कंपनीची नोंदणी, कर हे सगळं त्या त्या सरकारने लिहून ठेवलेलं असतं, ते तिथेच वाचा. मी बाकीचं लिहिते. तुमचा प्रश्न वाचल्यापासून डोक्यात बरंच काही फिरतंय, त्यामुळे लांबण लागली तर सांभाळून घ्या.

विद्यार्थी किती, याच्या आधी महिन्याला गळतात किती ते बघा. १०० जणांच्या क्लासमधून महिन्याला ५ गेले, तर वर्षाला ६० नवे आणावे लागतात, तेही फक्त आहात तिथे राहायला. गळती ३ वर आली तर ३६ पुरतात. जाहिरातीवर पैसे ओतणारे लोक हा हिशोबच करत नाहीत. मुलं सुटतात ती पहिल्या तीन महिन्यांत, नाहीतर मधल्या बेल्टवर, जिथे प्रगती दिसेनाशी होते. हजेरीपट रोज रात्री बघायचा. सलग दोन तास चुकलेले दिसले की मी स्वतः फोन करते. ‘का आला नाही’ असं कधीच विचारत नाही. ‘गुरुवारी हेआन शोदानची (ही सुरुवातीची काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका) वळणं पक्की करून घेणार आहे, त्याला पहिल्या रांगेत उभा करते,’ एवढंच सांगते. बहुतेक मुलं गुरुवारी येतात.

पहिल्या दिवशी मूल आईच्या मागे दडलेलं असतं. त्याला किक शिकवायला जाऊ नका. गुडघ्यावर बसा, पॅड त्याच्या छातीच्या उंचीला धरा, एक ठोसा मारून घ्या, नावाने शाबासकी द्या. आई-वडील त्या वेळी मुलापेक्षा तुम्हालाच जास्त न्याहाळत असतात. तास संपला की तिथेच फी सांगा, कागद पुढे करा. आपल्यासारख्यांची जीभ फी मागताना अडखळते, शिकवण्याचे पैसे मागणं हलकं वाटतं. पण भाडं थकलं तर क्लास बंद होतो आणि ज्यांना शिकवायचं तीच मुलं रस्त्यावर येतात. फी दरमहा ठरलेल्या तारखेला बँकेतून आपोआप वळती होईल असं बघा. वर्षभराच्या करारात पालकांना अडकवू नका, महिन्याची नोटीस पुरे. अडकवलेला माणूस चिडून जातो आणि जाताना चार घरं घेऊन जातो. भाडं जमेच्या चौथाईच्या वर गेलं की मला धडकी भरते, तुम्हीही तीच मर्यादा धरा.

बेल्टचं सांगायलाच हवं, कारण मोह तिथेच होतो. ज्युडोचे जनक जिगोरो कानोंनी १८८२ मध्ये बारा ततामींच्या, म्हणजे बारा जपानी चटयांच्या खोलीत कोडोकान ही आपली ज्युडोची शाळा सुरू केली. पुढे रंगीत बेल्टची पद्धत युरोपात रुजवली ती पॅरिसला जाऊन राहिलेल्या ज्युडो शिक्षक मिकिनोसुके कावाइशींनी. म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्याच, देश सोडून गेलेल्या शिक्षकाने. ब्लॅक बेल्ट फार लांब असतो, मध्ये पायऱ्या लागतात, हे अगदी खरं. पण परीक्षेच्या फीवर भाडं भागायला लागलं की पायऱ्या वाढतात आणि कोणी नापास होईनासं होतं. मी मुलांना नापास केलंय. त्या रात्री पालकांचे फोन येतात, काही जण नाव काढून घेतात. जे राहतात ते भावंडांना, मित्रांना घेऊन येतात. माझा क्लास वाढला तो असा. ऑलिम्पिकच्या नावावर तर काहीच उभारू नका. कराटे टोकियोला होतं, पॅरिसला २०२४ मध्ये नव्हतं.

आता कागदपत्रं. तुमच्या डॅनच्या सर्टिफिकेटला कचेरीत किंमत नाही. माझं भाषांतर करून, नोटरी करून नेलं, तर ‘हे कोणत्या विद्यापीठाचं?’ असं विचारलं गेलं. मग जागा. गोदाम स्वस्त मिळतं, छत उंच असतं, मॅट छान बसतात, पण मंजूर वापरात प्रशिक्षण नसतं आणि वापर बदलून घेण्यात महिने जातात. मालक म्हणतो आधी विमा दाखवा, विमावाला म्हणतो आधी जागेचा पत्ता द्या. मुलांना शिकवायचं म्हणून पोलीस पडताळणी लागते, त्यासाठी मायदेशातला चारित्र्याचा दाखला मागतात. तो मी सगळ्यात आधी काढला होता. जागा हातात येईपर्यंत त्याची मुदत संपली. दुसरा मागवला तर त्यावर मधलं नाव होतं आणि पासपोर्टवर नव्हतं, म्हणून तोही परत. अजून आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. दाखला शेवटी काढा आणि पासपोर्टवर जसं नाव आहे तसंच्या तसं घालून घ्या.

एकटेपणाचं विचारलंत. असतो. चार वाजता मुलं आली की विसरायला होतं. पुढे.

बायको-मुलाचं. या धंद्याची वेळ दुपारी चार ते रात्री नऊ, म्हणजे स्वतःचं मूल घरी येतं नेमकी तीच. माझ्या मुलाला इथल्या शाळेने एक इयत्ता खाली बसवलं. गणित तपासलं नाही, वाचून घेतलं नाही, उच्चार ऐकले आणि ठरवलं. त्याबद्दलची बैठक संध्याकाळी पाचला ठेवली. सकाळची वेळ मागितली, ती मिळाली नाही. नवरा एकटा गेला आणि ‘मुलाच्या हिताचं आहे’ असं ऐकून परत आला. वर्गात तो सगळ्यांपेक्षा वीतभर उंच दिसायचा. आता तो मोठा झालाय, म्हणतो, मला काही आठवत नाही. माझा विश्वास बसत नाही. दुसऱ्यांच्या मुलांचा मागचा पाय कुठे घसरतो ते मला पाठ होतं. माझं मूल कशात अडतं ते मला रात्री दहाला नवऱ्याकडून कळायचं. ऑरेंज बेल्टनंतर त्याने कराटे सोडलं. मी कारण विचारलं नाही.

आधुनिक कराटेचे जनक मानले जाणारे गिचिन फुनाकोशी १९२२ मध्ये जपानच्या दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटाहून टोकियोला प्रात्यक्षिकासाठी गेले आणि तिथेच राहिले. पन्नाशी उलटलेली, विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात झाडलोट करून त्याच्या बदल्यात राहायचे. कराटेवाले ही गोष्ट अभिमानाने सांगतात, मीही क्लासमध्ये सांगते. त्यांची बायको मात्र वर्षानुवर्षं ओकिनावातच राहिली, तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. मला हल्ली तीच जास्त आठवते.

तेव्हा दोघांना बरोबरच न्या, पण पहिल्या दिवसापासून आठवड्यातल्या दोन संध्याकाळी दुसऱ्याच्या हातात देता येतील अशी तयारी ठेवा. ब्राउन बेल्टची पोरं हेरा. आधी नुसता वॉर्मअप घेऊ द्या, मग एक रांग, मग एकच अडलेलं मूल त्याच्याकडे सोपवा आणि लांबून बघा. त्यांना पैसे द्या, फुकट राबवू नका. क्लास वाढवायचा, दुसरी शाखा काढायची, तर हीच माणसं लागतात. तुम्ही नसलेल्या दिवशी हजेरी घटत नसेल तरच पुढची जागा बघा. आणि शाळेची बैठक पाचला असेल तर त्या दिवशी तुम्ही तिथे असाल. मला हे जमायला फार उशीर झाला, मुलगा तोवर शाळेतून बाहेर पडला होता.

लीजवर सही करायच्या आधी तो कागद मला पाठवा. जागेच्या वापराचं कलम आणि मुदतीआधी बाहेर पडायचं कलम, ही दोन मी नीट वाचून कळवते.