कॅज्युअल्टीत आधी कोण?

अपघात विभाग, म्हणजे आपण सारे ज्याला कॅज्युअल्टी म्हणतो तो विभाग, या विषयावर या वेळी इतकी पत्रे आली की बाकीचे विषय पुढच्या अंकासाठी राखून ठेवावे लागले. पत्रे रुग्णांकडची आहेत, तशीच कर्मचाऱ्यांकडचीही आहेत, आणि दोन्हीकडची तक्रार जवळजवळ एकाच वाक्यात मांडलेली आहे: आम्हाला तिथे कोणी माणूस समजत नाही. त्यांतील चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझे वडील (वय ७४) रात्री न्हाणीघरात घसरून पडले आणि त्यांचे मनगट मोडले. आम्ही त्यांना सरकारी रुग्णालयात नेले, तेव्हा आम्हाला दीड तास बाकावर बसवून ठेवण्यात आले. आमच्यानंतर एक तरुण स्वतःच्या पायांनी चालत आला. त्याच्या अंगावर साधा ओरखडाही नव्हता, तरी त्याला लगेच आत घेतले. मी विचारले तर सिस्टर म्हणाल्या, "दिसत नाही का, काम चालू आहे ते?" समोर एक डॉक्टर मात्र निवांत लिहीत बसले होते. हा वशिला नव्हे काय? — एक वाचक, सांगली

उत्तर : तो तरुण कोण होता हे मला ठाऊक असण्याचे कारण नाही, परंतु अंगावर ओरखडा नसणे आणि चालत येणे या दोन गोष्टींवरून तो तुमच्या वडिलांपेक्षा बरा होता असे मात्र म्हणता येत नाही. मण्यार चावलेला माणूस अनेकदा असाच येतो. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते, दंश फारसा दुखत नाही, खूणही धड दिसत नाही, आणि रुग्ण "पापण्या जड वाटतात" किंवा "पोटात दुखते" एवढेच सांगतो. काही तासांत त्याचा श्वास बंद पडू शकतो. दुचाकीवरून पडताना हँडल पोटात घुसलेल्या मुलाची कातडी शाबूत असते, पण आत प्लीहा फाटून रक्तस्राव चालू असू शकतो. कीटकनाशक प्यालेल्या माणसाच्या अंगावरही जखम नसते. छातीत दुखते म्हणून आलेल्या रुग्णाचा ईसीजी आल्यापासून दहा मिनिटांत निघावा, असा दंडक आहे. म्हणून कॅज्युअल्टीत रेशनच्या दुकानासारखा आधी येईल त्याचा नंबर आधी, असा हिशेब नसतो. कोणाचा श्वासमार्ग, श्वास आणि रक्ताभिसरण धोक्यात आहे हे पाहून लाल, पिवळा, हिरवा असा क्रम लावला जातो. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यचिकित्सक लारे यांनी हुद्दा न पाहता जखमेची गंभीरता पाहून सैनिकांना उचलण्याची रीत रणांगणावर घालून दिली, तिचाच हा पुढचा अवतार आहे. मनगटाचे हाड मोडल्याने वेदना भयंकर होतात, परंतु त्याने सहसा जीव जात नाही, आणि म्हणून त्या रुग्णाला थांबावे लागते.

येथपर्यंत रुग्णालयाची बाजू झाली. थांबायला लावणे आणि टाकून देणे यांत मात्र फरक आहे. बाकावर बसवण्यापूर्वी कोणीतरी तुमच्या वडिलांच्या बोटांचा रंग व उबदारपणा पाहायला हवा होता, हाताला फळीचा आधार द्यायला हवा होता आणि वेदनाशामक द्यायला हवे होते. पडताना डोके आपटले का, आणि ते रक्त पातळ करणारी गोळी घेतात का, हे दोन प्रश्न तर चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला विचारलेच पाहिजेत, कारण दोन्हींचे उत्तर "हो" असेल तर त्यांचा क्रमांक बराच वर जातो. हे काहीच झाले नसेल, तर तुमची तक्रार रास्त आहे. ती त्या तरुणाच्या आत जाण्याबद्दल असू नये, एवढेच. पुन्हा अशी वेळ आली तर "आमचा नंबर कधी?" असे न विचारता "बोटे गार पडली आहेत, बधिर झाली आहेत" असे, जे बदलले असेल ते सांगावे. पहिल्या प्रश्नाला सिस्टरांकडे बहुधा उत्तर नसते. दुसरे वाक्य कानावर पडले की त्यांना उठावेच लागते.

लिहीत बसलेल्या डॉक्टरांविषयी थोडे. अपघात, मारामारी, विषबाधा, भाजणे अशा प्रकरणांची एमएलसी, म्हणजे पोलीस व न्यायालयासाठीची वैद्यकीय-कायदेशीर नोंद, करावी लागते. प्रत्येक जखमेची जागा, लांबी आणि स्वरूप नोंदवून पोलिसांना कळवावे लागते, आणि पुढे कित्येक वर्षांनी न्यायालयात त्याच कागदावर उलटतपासणी होते. बाहेरून हा आराम वाटतो, पण आत रुग्ण पडून असताना लिहीत बसण्याचा डॉक्टरांना स्वतःलाच मनस्वी कंटाळा असतो. शिवाय हाड बसवणारा निवासी डॉक्टर त्या वेळी शस्त्रक्रियागृहात असेल, तर तो बाहेर येईपर्यंत समोर बसलेल्या चार जणांचाही तुम्हाला उपयोग नसतो.

वशिला चालतच नाही, असे मी म्हणणार नाही. नगरसेवकांचे फोन येतात, कोणाच्या तरी साहेबांचा माणूस येतो, आणि तो फोन घ्यायला लागल्याचा राग रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यांना तुमच्याइतकाच येतो. सिस्टरांच्या उत्तराचे मात्र समर्थन होऊ शकत नाही. "आत एक गंभीर रुग्ण आहे, अजून तासभर लागेल" हे वाक्य उच्चारायला त्यांच्या वाक्याइतकाच वेळ लागला असता.

प्रश्न : मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी कॅज्युअल्टीत परिचारिका आहे. एका रुग्णामागे पंधरा-वीस नातेवाईक आत घुसतात, मोबाईल तोंडासमोर धरून चित्रीकरण करतात, शिवीगाळ करतात. रुग्ण दगावला तर आम्हीच मारला असे म्हणतात. कायदा आहे असे ऐकतो, पण तो आमच्या कामी कधी येतो? — एक परिचारिका

उत्तर : ताई, कायदा आहे आणि तो कडक आहे. राज्याच्या २०१० च्या अधिनियमानुसार वैद्यकीय सेवेतील कोणावरही, म्हणजे डॉक्टरांप्रमाणेच परिचारिका व परिचरांवरही, हल्ला करणे हा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कारावास व पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि मोडतोड केलेल्या वस्तूच्या खरेदी किमतीच्या दुप्पट भरपाई द्यावी लागते. अडचण फिर्याद देण्याच्या टप्प्यावर येते. मार खाल्लेल्या व्यक्तीनेच रात्रपाळी संपवून ठाण्यात जायचे, नाव-पत्ता द्यायचा आणि पुढे तारखांना एकटीने उभे राहायचे, असे झाले की प्रकरण आपसात मिटते. म्हणून फिर्याद संस्थेच्या नावाने गेली पाहिजे, असा आग्रह तुम्ही व तुमच्या सहकाऱ्यांनी धरावा. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यातील रुग्णालयात निवासी महिला डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाल्याच्या भीषण घटनेनंतर केंद्रीय आरोग्य खात्याने परिपत्रक काढून, कर्मचाऱ्यावर हिंसा झाल्यास सहा तासांच्या आत संस्थेतर्फे गुन्हा नोंदवण्याची जबाबदारी संस्थाप्रमुखावर टाकली आहे. तुमच्या अधिष्ठात्यांना किंवा शल्यचिकित्सकांना त्या परिपत्रकाची लेखी आठवण करून द्यायला हरकत नाही.

सुरक्षारक्षकांबद्दल माझे मत फारसे उत्साहाचे नाही. मार्च २०१७ मध्ये धुळ्यात निवासी डॉक्टरला इतकी मारहाण झाली की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. त्यानंतर राज्यभरातील निवासी डॉक्टर कामावरून दूर राहिले, उच्च न्यायालयाला लक्ष घालावे लागले, आणि सरकारी रुग्णालयांत महाराष्ट्र सुरक्षा दलाचे जवान नेमले गेले. रक्षक हवेतच, आणि एका रुग्णामागे एकच नातेवाईक हा नियम त्यांनीच दारावर पाळून घ्यायला हवा, तुम्ही सलाईन लावता लावता नव्हे. चित्रीकरणाबाबतही "आमचे शूटिंग करू नका" असे म्हणण्यापेक्षा "शेजारच्या खाटेवरच्या बाई उघड्या आहेत, त्यांचे चित्रीकरण होते आहे" असे म्हटले, तर निदान बाकीचे नातेवाईक तुमच्या बाजूने बोलतात.

तरीही बरेचसे भडके मारहाणीच्या आधीच्या अर्ध्या तासात पेटतात, आणि त्या अर्ध्या तासात बाहेरच्यांना कोणी काही सांगितलेले नसते. आत छाती दाबण्याचे काम चालू असते, दार बंद असते, वॉर्डबॉय मामा धावत रक्त आणायला जातात, आणि मग एकदम बाहेर येऊन कोणीतरी मरणाची बातमी देते. नातेवाइकांच्या दृष्टीने माणूस चांगला बोलत आत गेला आणि प्रेत होऊन बाहेर आला. रुग्ण खालावतो आहे हे दर दहा मिनिटांनी एकाच व्यक्तीने, एकाच नातेवाइकाला, व्हरांड्यात न सांगता बाजूला बसवून सांगितले, तर शेवटची बातमी अचानक आदळत नाही. हे काम तुमच्यावर ढकलण्याचा माझा हेतू नाही. रात्री एका परिचारिकेकडे दहा-बारा गंभीर रुग्ण असताना तिने समुपदेशनही करावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. बोलण्यासाठी वेगळा माणूस नेमणे हा रुग्णालयाच्या व्यवस्थापनाचा प्रश्न आहे, आणि तुमच्या रागाचा निम्मा वाटा तरी तिकडे पोचायला हवा.

प्रश्न : भावाचा दुचाकीवर अपघात झाला. जवळच्या खासगी रुग्णालयाने आधी अनामत रक्कम मागितली व पैसे नाहीत म्हटल्यावर "सरकारीत न्या" असे सांगितले. असे करता येते का? — एक वाचिका, नाशिक

उत्तर : नाही. तातडीच्या रुग्णाचा जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे, सरकारी असो वा खासगी, पहिले कर्तव्य आहे आणि पोलिसी सोपस्कार त्याच्या आड येऊ शकत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केले. सरकारी रुग्णालयेही यातून सुटलेली नाहीत. आगगाडीतून पडून डोक्याला मार लागलेल्या बंगालमधील एका शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही म्हणून परत पाठवले, तेव्हा १९९६ मध्ये त्याच न्यायालयाने हे जगण्याच्या मूलभूत अधिकाराचे उल्लंघन ठरवून राज्याला भरपाई द्यायला लावली. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणीचे २०२१ चे सुधारित नियमही तेच सांगतात: पैशांची अट न घालता आधी रुग्णाला स्थिर करावे, आणि सोय नसेल तर मग पुढे पाठवावे. रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणेही त्यांत बंधनकारक आहे. ती कुंडीमागे लपलेली असते, ही गोष्ट वेगळी. रस्ते अपघातासाठी २०२५ पासून केंद्राची योजनाही आहे. तिच्यात नेमून दिलेल्या रुग्णालयांत अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोकड न भरता मिळतात.

दारात उभे असताना मात्र खटल्यांची नावे सांगत बसू नये. रक्तदाब आणि ऑक्सिजन मोजून कागदावर लिहून द्या, रक्तस्राव थांबवा, श्वासाची सोय करा, आणि का पाठवत आहात ते लिहून सही करा, एवढे शांतपणे मागावे व त्याच वेळी १०८ ला फोन लावावा. लेखी कागद मागितल्याबरोबर पुष्कळ ठिकाणी खाट सापडते. "स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहोत" अशा मजकुराखाली सही मागितली आणि ते खरे नसेल, तर ती करू नये.

प्रश्न : मी निवासी डॉक्टर आहे. रात्री दोन वाजता लोक आठवडाभराची खाज आणि महिन्याचा खोकला घेऊन कॅज्युअल्टीत येतात. त्यांना सकाळी ओपीडीत या असे सांगून परत पाठवले तर काय चुकले? — एक निवासी डॉक्टर, मुंबई

उत्तर : तपासून पाठवले तर काहीच चुकले नाही, तोंड पाहून पाठवले तर चुकले. हे लोक रात्री का येतात, याचा विचार तुम्ही दिवसा, झोप झाल्यावर करून पाहा. ओपीडीचा केसपेपर काढायला सकाळी रांगेत उभे राहणे म्हणजे रोजंदारीवरच्या माणसाला त्या दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडणे असते. घरकाम करणाऱ्या बाईला रात्री नवरा घरी आल्यावरच मूल त्याच्याकडे सोपवून बाहेर पडता येते. संध्याकाळची ओपीडी नीट चालली, तर तुमच्या दारातील ही गर्दी बरीच ओसरेल, आणि ती मागणी तुमच्या संघटनेने वेतनाच्या मागणीइतक्याच जोराने लावून धरावी असे मला वाटते. महिन्याच्या खोकल्याला तर परत पाठवतानाही थुंकीच्या तपासणीची चिठ्ठी हातात द्यायलाच हवी, कारण तो क्षय असू शकतो.

याच गर्दीत "गॅस झालाय, एक इंजेक्शन मारा आणि सोडा" असे म्हणणारा पन्नाशीचा रिक्षाचालक उभा असतो. त्याला घाम सुटलेला असतो, जबडा किंवा डावा खांदा दुखत असतो, आणि ईसीजीसाठी झोपवले की त्यालाच राग येतो, कारण खाली रिक्षा वाकडी लावलेली असते. त्याच्याशी हुज्जत घालावी, वाटल्यास रिक्षा वॉर्डबॉय मामांना सरळ लावायला सांगावी, पण ईसीजीची पट्टी निघाल्याशिवाय त्याला जाऊ देऊ नये. आणि पहिली पट्टी ठीक आली तरी दुखणे चालूच असेल, तर थोड्या वेळाने दुसरी काढावी.